आठवड्याचे १६८ तास : आईबाबांची देखभाल वाटायची कशी?

“आईला आता कोणाकडे ठेवायचं?” हा प्रश्न बहुतेक घरांत डिस्चार्जच्या दिवशी विचारला जातो. खुब्याचं हाड मोडलेलं असतं किंवा अर्धांगाचा झटका येऊन गेलेला असतो. बिलाच्या खिडकीपाशी रांग असते, एका मुलाचं परतीचं तिकीट उद्याचं असतं, मुलगी कोपऱ्यात जाऊन नवऱ्याशी हळू आवाजात बोलत असते. तासाभरात काहीतरी ठरतं. जी जवळ राहते, जिची नोकरी ‘तशी’ महत्त्वाची धरली जात नाही किंवा जिच्या तोंडून नाही निघत नाही, तिच्याकडे आई जाते. पुढची पाच-सात वर्षं तेच चालू राहतं. ‘हे कधी ठरलं?’ असं विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही.

या प्रकरणात तोच प्रश्न जरा उलगडून पाहायचा आहे.

१. ‘कोण’च्या आधी ‘काय’

२०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं दहा कोटींहून जास्त होती, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होतं. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ साली काढलेल्या अहवालाचा अंदाज असा, की २०५०पर्यंत भारतात दर पाचांतला एकजण साठीपुढचा असेल. आकडे वाढताहेत ते आयुष्य वाढल्यामुळे आणि मुलं कमी झाल्यामुळे. पूर्वी पाच-सहा भावंडांत वाटलं जाणारं काम आता दोघांत किंवा एकट्यावर येतं. शिवाय आई नव्वदीची असेल, तर तिला उचलणारा मुलगा पासष्टीचा असतो आणि त्याचेही गुडघे दुखत असतात.

यावर मराठी घरांनी काढलेला जुना तोडगा म्हणजे पाळी. चार महिने थोरल्याकडे, चार महिने धाकट्याकडे, चार महिने लेकीकडे. कागदावर ही वाटणी अगदी न्याय्य दिसते. पण तिच्यात महिने वाटले जातात, कामं वाटली जात नाहीत. ज्याची पाळी असते तो सगळं करतो, बाकीचे सुटतात. आणि फिरावं लागतं ते म्हाताऱ्या माणसाला. दर चार महिन्यांनी नवा डॉक्टर, नवी गोळी, रात्री उठल्यावर संडास डावीकडे की उजवीकडे याचा नवा गोंधळ. स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या माणसाला तर जागाबदल फारच जाचतो. आईबाबा हिंडते-फिरते असतात, नातवंडांत रमतात, तोवर पाळी ठीक असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाळी लावू नये, हे इथे स्पष्टच सांगायला हवं.

२. सहा कामं आणि आठ कामं

‘आईला बरीच मदत लागते’ या वाक्यावरून काहीही ठरवता येत नाही. बरीच म्हणजे किती, आणि कशात?

अमेरिकेत सिडनी कॅट्झ या डॉक्टरने याचं एक साधं माप १९६३मध्ये मांडलं. खुब्याचं हाड मोडलेले म्हातारे रुग्ण बरे होताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले आणि रोजची सहा कामं वेगळी काढली : अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाऊन येणं, अंथरुणावरून खुर्चीत आणि खुर्चीतून अंथरुणावर जाणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. त्यांच्या लक्षात आलं, की ही कामं साधारण एका क्रमाने सुटतात. अंघोळ आधी सुटते, घास तोंडात घालणं सगळ्यांत शेवटी.

१९६९मध्ये पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी यांनी दुसरी यादी दिली. तिच्यात आठ कामं आहेत : फोन करणं, खरेदी, स्वयंपाक, घर आवरणं, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं आणि पैशांचे व्यवहार. ही कामं घर चालवण्याची आहेत, आणि सहसा ती पहिल्या सहांच्या आधी निसटू लागतात. पण लांब राहणाऱ्या मुलांना ते दिसत नाही, कारण फोनवर बाबा ‘मी मजेत आहे’ म्हणतात आणि ते खोटंही नसतं. खुणा घरात असतात. विजेचं बिल दोनदा भरलेलं किंवा मुळीच न भरलेलं, गोळ्यांच्या पाकिटात मंगळवार-बुधवार शिल्लक, दुधाचं पातेलं तळाशी काळं, फ्रिजमध्ये तीन अर्धवट भाज्या. सुट्टीत घरी गेलेल्या मुलाने आईच्या हातचं जेवून झाल्यावर एकदा फ्रिज उघडून पाहावा.

वाटणीच्या दृष्टीने या दोन याद्यांत मोठा फरक आहे. आठांपैकी बरीच कामं लांबून, फोनवरून किंवा शेजाऱ्याच्या मदतीने होतात. सहांसाठी मात्र त्या घरात, त्या क्षणी, दोन हात लागतात. ‘मी पुण्यात राहून काय करणार?’ असं विचारणाऱ्याला आठांची यादी द्यावी. घरात राबणाऱ्या माणसाच्या हातात मग निदान सहाच राहतील.

३. एक हिशेब

समजा, साताऱ्यात ८२ वर्षांच्या एक आजी आहेत. खुब्याची शस्त्रक्रिया झाली आहे, डोकं शाबूत आहे, वॉकर धरून चार पावलं चालतात. थोरला मुलगा आणि सून त्यांच्याबरोबर राहतात, मुलगी ठाण्याला, धाकटा न्यू जर्सीत. रोजचं काम मांडून पाहू.

तोंड धुणं, अंघोळ, कपडे यांना एक तास. संडासला नेणं-आणणं दिवसरात्र मिळून आठ वेळा, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे ८० मिनिटं. नाश्ता, चहा, दोन जेवणं हाताशी देणं आणि शेजारी बसणं, चार वेळा वीस मिनिटं, पुन्हा ८० मिनिटं. औषधं आणि रक्तदाब पाहणं, २० मिनिटं. व्यायाम ३० मिनिटं. चादरी, कपडे, खोली पुसणं ३० मिनिटं. बेरीज ३०० मिनिटं, बरोबर पाच तास. आठवड्याचे ३५ तास.

म्हणजे जवळजवळ एक पूर्ण नोकरी, रविवार धरून. ‘घरीच तर असते, तिला काय काम?’ हे वाक्य बोलणाऱ्याने ही बेरीज पुन्हा वाचावी.

आता आठवड्याचे एकूण तास १६८. त्यातून ३५ गेले, १३३ उरले. या १३३ तासांत हात लावायचं काम नाही, पण घरात कुणीतरी हवं, कारण आजी एकट्याच उठायला गेल्या तर पडतील. हात लागणारे तास आणि नुसतं हजर राहायचे तास, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की घरं दोन टोकांना जातात. कुणी १३३ तासांच्या धास्तीने चोवीस तासांची बाई ठेवतं, ती झेपत नाही आणि दोन महिन्यांत बंद होते. कुणी ‘एवढं काय काम असतं?’ म्हणून कुणालाच ठेवत नाही.

साताऱ्याच्या घरात सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास बाई आली, तर आठवड्याला २१ तास झाले. घरच्यांकडे १४ राहिले, दिवसाला दोन. ते मुलगा आणि सून यांच्यात विभागले, तर एकेकाला तासभर. उरलेल्या हजेरीच्या तासांत दुपारी शेजारच्या काकू येऊन बसू शकतात, कारण त्यांना आजींना उचलायचं नाही, नुसत्या गप्पा मारायच्या आहेत.

४. कायद्यातली मुलं, घरातली सून

‘मुलगी परक्या घरी गेली, तिच्यावर जबाबदारी नाही’ असं म्हणणारे अजूनही भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा १९८७मध्येच निकाली काढला, आणि खटला कल्याणचा होता. डॉक्टर असलेल्या विवाहित मुलीकडे वडिलांनी पोटगी मागितली होती. मुलीचं स्वतःचं पुरेसं उत्पन्न असेल, तर लग्न झालेलं असलं तरी आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी तिच्यावरही येते, असा निकाल लागला.

पुढे २००७मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा झाला. त्यात ‘मुलं’ म्हणजे मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात. सून त्या व्याख्येत नाही. जावई-सुनांना आत आणणारं दुरुस्ती विधेयक २०१९मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. थोडक्यात, ज्या बाईवर या कायद्याने जबाबदारी टाकलेली नाही, ती महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत रोज सासूचं पातेलं, पॉट आणि पथ्य सांभाळते. तिचा वारसाहक्कही सहसा नसतो.

सरकारच्या २०१९च्या वेळवापर पाहणीत घरातल्यांची विनामोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटं देत होत्या आणि पुरुष ७६. त्यात मुलांचं करणंही आलं. घरकामाचा आकडा वेगळा : २९९ मिनिटं आणि ९७. पुरुषांनी ‘आम्ही बाहेरचं बघतो’ म्हणावं इतकं बाहेरचं काम देखभालीत नसतं. अंघोळ घालणं हे बाईचंच काम, अशी काही निसर्गाची अट नाही. सासऱ्यांना अंघोळ घालताना सून आणि सासरे दोघंही अवघडतात, आणि मुलगा बाहेर पेपर वाचत असतो, हे चित्र बदलायला पैसा लागत नाही.

५. लांब असलेल्यांचं काम

ठाण्याची मुलगी आणि न्यू जर्सीचा मुलगा यांना फक्त ‘पैसे पाठवा’ म्हणणं ही त्यांची सुटका आहे. त्यांच्यासाठी ठरलेली कामं काढता येतात. औषधं महिन्याच्या २५ तारखेला ऑनलाइन मागवणं. विम्याचे हप्ते, पेन्शनचा हयातीचा दाखला, बँकेची कामं. डॉक्टरांशी ठरलेल्या दिवशी व्हिडिओवर बोलणं आणि त्यांनी काय सांगितलं ते सगळ्या भावंडांना लिहून पाठवणं. साताऱ्यात रात्रीचे दोन वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारचे साडेचार झालेले असतात. आजींना झोप येत नाही आणि बोलायला कुणी हवं असतं, ती पाळी धाकट्याने घेतली तर थोरला झोपू शकतो.

आणखी एक काम, ज्याची कुठल्याच यादीत नोंद नसते. वर्षातून दोनदा प्रत्यक्ष येऊन पंधरा दिवस घर ताब्यात घ्यायचं आणि थोरला-सून यांना बाहेरगावी पाठवायचं. पाहुणा म्हणून येऊन पुरणपोळी खाऊन, आईचे पाय चेपून आणि ‘वहिनी, आईला जरा मऊ भात देत जा’ असं सांगून गेलेला मुलगा घरातलं काम वाढवून जातो.

६. ब्यूरोची बाई, सिस्टर आणि फिजिओ

पैसे देऊन मिळणारी मदत एकाच प्रकारची नसते. नळीतून अन्न देणं, लघवीची नळी बदलणं, इंजेक्शन, जखमेची मलमपट्टी यांसाठी नर्स हवी. जीएनएम हा तीन वर्षांचा आणि एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तसं प्रमाणपत्र बघावं. अंघोळ, डायपर, भरवणं, कूस बदलणं यांसाठी आया, मावशी किंवा केअरटेकर. हिचं प्रशिक्षण काही महिन्यांचं असतं, कधी नुसता अनुभवच. आणि फिजिओथेरपिस्ट, जो आठवड्यातून दोन-तीनदा येऊन घरच्यांना व्यायाम शिकवतो. बऱ्याच घरांत नर्सची गरज नसताना नर्स ठेवली जाते, किंवा उलट, मावशीकडून नर्सचं काम करून घेतलं जातं. दुसरी गोष्ट धोक्याची आहे.

चोवीस तासांच्या बाईबद्दल एक साधी गोष्ट लोक विसरतात. ती चोवीस तास जागी राहू शकत नाही. रात्री चारदा उठावं लागत असेल, तर दुपारी तिला झोप हवी, आठवड्याची सुट्टी हवी, निजायला आजींच्या पलंगाखालची चटई सोडून दुसरी जागा हवी. तीही बहुधा आपल्या आईला किंवा मुलांना गावी ठेवून आलेली असते. ब्यूरोला किती पैसे जातात आणि तिच्या हातात किती पडतात, हे ब्यूरोला सरळ विचारावं. ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी हवीच, पण तिच्यावर नजर ठेवायला कॅमेरा लावणाऱ्या घरांनी तो कुठे आहे ते तिला आधी सांगावं.

तिच्या हातात पहिल्या दिवशी द्यायची वस्तू म्हणजे दोनशे पानी वही. एका पानाचा नमुना असा : ‘मंगळवार. सकाळी ७, बीपी १४०/८०. नाश्ता अर्धी वाटी उपमा. लघवी ४ वेळा. शौच नाही, दुसरा दिवस. दुपारी उजव्या टाचेवर लाल चट्टा.’ पाच ओळी, पण त्यांत दोन इशारे आहेत. शौचाचं डॉक्टरांना सांगायला हवं. आणि टाचेवरची लाली बोटाने दाबूनही जात नसेल, तर ती शय्याव्रणाची सुरुवात आहे. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून तिथे हात लावून गरम किंवा कडक लागतं का ते बघायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, ती यासाठी. वहीचा फोटो रोज रात्री भावंडांच्या ग्रुपवर गेला, की न्यू जर्सीलाही टाच दिसते.

७. संघ, कट्टा आणि मलप्पुरम

समाज काय करू शकतो? महाराष्ट्रात याचं उत्तर बऱ्यापैकी जुनं आहे. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत आणि त्यांचा राज्यस्तरीय महासंघ फेस्कॉम १९८० पासून काम करतो आहे. शहरांत विरंगुळा केंद्रं आहेत. वॉकर, कमोडची खुर्ची, फाउलर बेड, एअर मॅट्रेस अनामत घेऊन वापरायला देणारी रुग्णसाहित्य केंद्रं अनेक गावांत मंडळं आणि देवस्थानं चालवतात. महिनाभर लागणारा बेड विकत घेण्याआधी तिथे चौकशी करावी.

पण संघाचे कार्यक्रम जो चालत येतो त्याच्यासाठी असतात. जो येणं थांबवतो त्याचं काय? इथे केरळकडे बघावं लागतं. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनाशामक उपचारांचा दवाखाना सुरू केला. ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज, तेच तिथवर पोचू शकत नव्हते. म्हणून या शतकाच्या सुरुवातीला मलप्पुरम जिल्ह्यात काम घराघरांत नेलं गेलं. दुकानदार, शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी यांना प्रशिक्षण मिळालं : रुग्णाशी बोलायचं कसं, साधी शुश्रूषा कशी करायची, आणि डॉक्टर-नर्सला कधी बोलवायचं. खर्च बराचसा गावातल्या छोट्या देणग्यांतून निघे. २००८मध्ये केरळ सरकारने यासाठी धोरण आखलं, देशातलं पहिलं, आणि पंचायतींमार्फत नर्स घरोघरी जाऊ लागल्या.

या कामातली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे स्वयंसेवकाला दिलेलं काम लहान, ठरलेलं आणि पुन्हा पुन्हा येणारं असतं. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला कुणीच काही सांगत नाही. ‘गुरुवारी चार ते सहा तुम्ही आईपाशी बसाल का?’ असं विचारलं, की तो बसतो. समाजाकडून हजेरीचे तास मागावेत. अंघोळ-डायपर शेजाऱ्यांकडून अपेक्षू नये, तिथे भिडेचा आणि मानाचा प्रश्न येतो.

८. कोठीची किल्ली

लग्नघरात शंभर माणसं राबत असली, तरी कोठी एकीच्या ताब्यात असते. नारळ किती उरले, आहेराची साडी कुठे आहे, आचाऱ्याला तूप कधी द्यायचं, हे तिला ठाऊक. ती एकही पोळी लाटत नाही आणि संध्याकाळी सगळ्यांत जास्त तीच थकलेली असते. देखभालीतही असं एक काम असतं : लक्षात ठेवण्याचं. गोळी संपत आली, मावशी शनिवारी येणार नाही, डॉक्टरांची वेळ बदलली, रुग्णसाहित्य केंद्राचा बेड परत द्यायचा. वरच्या ३५ तासांत हे धरलेलंच नाही, कारण ते मिनिटांत मोजता येत नाही.

जपानने हे काम वेगळं काढून त्याला पगार दिला. १९७२मध्ये सावाको आरियोशी या लेखिकेची स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्याचं करणाऱ्या सुनेवरची कादंबरी तिथे प्रचंड खपली. ते घर जपानी वाचकांच्या ओळखीचं होतं. एप्रिल २०००मध्ये सरकारने दीर्घकालीन देखभालीचा विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा, साधारण निम्मा पैसा करातून. गरजेच्या सात पायऱ्या ठरवल्या जातात आणि सेवा घेणारा बहुधा खर्चाचा दहावा हिस्सा भरतो. त्यात केअर मॅनेजर नावाचा माणूस असतो, जो कोणाला कधी कोणती सेवा हे ठरवतो आणि जुळवून आणतो.

आपल्याकडे तो कुटुंबातूनच नेमावा लागतो. नेमावा, आपोआप होऊ देऊ नये. शक्यतो जी व्यक्ती रोज अंघोळ घालते तिच्याकडे कोठीची किल्ली देऊ नये. साताऱ्यात ती ठाण्याच्या मुलीने घ्यावी आणि दर सहा महिन्यांनी न्यू जर्सीकडे द्यावी.

९. कागद वेळेत

बाबांनी मुलाला मुखत्यारपत्र दिलं, आता चिंता नाही, असं समजणाऱ्यांची मोठी फसगत होते. करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन अधू झालं की ते संपुष्टात येतं. म्हणजे स्मृतिभ्रंशात ज्या दिवशी त्याची गरज, त्याच दिवशी ते निकामी. म्हणून बँकेची खाती संयुक्त करणं, वारसनोंद आणि मृत्युपत्र ही कामं आईबाबा ठणठणीत असताना उरकावीत. अतिदक्षता विभागात कुठवर उपचार करायचे याचं इच्छापत्र २०१८पासून करता येतं, आणि २०२३च्या निकालानंतर त्यावर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते.

घर मुलाच्या नावावर करताना ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द बक्षीसपत्रात असावेत. २००७च्या कायद्याचं कलम २३ त्या अटीवर उभं आहे; अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. निर्वाहासाठीचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा, कमाल रक्कम महिन्याला १०,००० रुपये. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच मिळतं, त्याचं कार्ड काढून ठेवावं. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

हे सगळं डिस्चार्जच्या दिवशी होत नाही. त्यामुळे वाचकांना एवढंच सांगणं, की येत्या दिवाळीला भावंडं एकत्र येतील तेव्हा फराळ झाल्यावर दोन तास काढा, सहा आणि आठ कामांची यादी कागदावर लिहा, आणि त्या बैठकीला आईबाबांना बसवा. सुनेला चहा करायला आत पाठवू नका.